हजेरी यंत्र, एक नग

विषय : अंगठ्याचे हजेरी यंत्र (एक नग) नष्ट केल्याच्या दाखल्याबाबत खुलासा.

संदर्भ : १) माझ्याच सहीचा दाखला, वार बुधवार. २) आपले पत्र व त्यात विचारलेला प्रश्न : 'सदर यंत्र बुधवारी आपल्या समक्ष नष्ट झाले असताना ते शुक्रवारी आपल्या ताब्यात कसे आले?'

उपरोक्त विषयास अनुसरून चार ओळींचा खुलासा मी यापूर्वीच सादर केला आहे. 'नजरचुकीने' हा शब्द त्यात दोनदा आला आहे. ज्या कागदात तो दोनदा येतो, त्या कागदात बरंच काही लिहायचं राहिलेलं असतं, हे मी स्वतः कारकून असल्यामुळे जाणतो. राहिलेलं इथे लिहितो. वाचताना दिवा मोठा करायची गरज नाही. घडलं ते भर दुपारी घडलं.

माझी नोकरी चौतीस वर्षं शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत फिरली आणि त्यातली बहुतेक वर्षं मी हजेरीपट सांभाळला. कोण आलं, कोण आलं नाही, कोण येऊन लगेच गेलं, हे लिहिणारा माणूस. एवढ्या वर्षांत मी एकदाही आगाऊ सही केली नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. त्यामुळे माझी बढती सहा वर्षं लांबली आणि लोक मला सरळ माणूस म्हणू लागले. आमच्या खात्यात या दोन गोष्टी एकाच आदेशाने मिळतात.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बायको गेली. शहापूरच्या दोन खोल्यांत मी आणि एक भिंतीवरचं घड्याळ उरलो. कुणाशी बोलायचं झालं तर दुधाची पिशवी घेताना 'एक' म्हणायचो, तेवढंच. अशी चार वर्षं काढल्यावर मी काम शोधलं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला एक आवार आहे. फाटकावर पाटी आहे : 'औद्योगिक धातू पुनर्वापर सेवा'. कारखान्यांतून निघालेलं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम उचलायचं, निवडायचं, कापायचं, दाबून गठ्ठे करायचे आणि पुन्हा भट्टीकडे रवाना करायचं. आमच्या पिढीत हे काम करणाऱ्याला भंगारवाला म्हणत. तिथला मॅनेजर अक्षय, वय तीस, मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, इथे भंगार बोलायचं नाय. मटेरियल बोला. आपण सर्व्हिस देतो."

"आणि मी काय देतो?"

"तुम्ही सही देता."

ते खरं होतं. कंपन्या हल्ली नुसता माल विकून मोकळ्या होत नाहीत. नापास झालेले सुटे भाग कुणी पुन्हा बाजारात आणू नयेत, जुन्या यंत्रांतली माहिती बाहेर जाऊ नये, म्हणून 'समक्ष नष्ट केले' असा दाखला मागतात. सही करणारा कंपनीचा नको, आवाराचाही नको. तिसरा हवा. शक्यतो म्हातारा आणि सरकारी वळणाचं अक्षर असलेला. मी खुर्ची टाकून बसायचो. समोर लोखंड कापायची अवजड यांत्रिक कात्री कराकरा चालायची आणि मी लिहायचो, 'माझ्या समक्ष'. आठवड्यातून तीन दिवस कुणीतरी माझी वाट बघत असायचं, ही भावना काही वाईट नव्हती.

चैत्रात एका बंद पडलेल्या कारखान्याचा सगळा माल आमच्याकडे आला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ॲल्युमिनियम वितळवून भाग ओतायचं काम होतं. चौदा महिन्यांपूर्वी भट्टीत जुना माल टाकताना एक बंद तोंडाची नळी आत गेली, आणि नळीत पाणी होतं. वितळलेल्या धातूत पाणी गेलं की काय होतं ते सांगायला माणूस सहसा उरत नाही. भट्टी उसळली. तीन कामगार गेले, तिघांची नावं वर्तमानपत्रात आली. कारखाना बंद झाला आणि भट्टी आतल्या धातूसकट थिजली. ती ढेप आमच्याकडे आल्यावर सोमवारी तिचे तुकडे झाले आणि मंगळवारी ते दुसऱ्या भट्टीकडे गेले. आता ते कुणाच्या कुकरचं झाकण झाले असतील.

राहिलं किरकोळ सामान. त्यात अंगठा लावायचं हजेरी यंत्र, एक नग. कामगारांची माहिती त्यात असते म्हणून त्याचा दाखला वेगळा. बुधवारी कात्रीवर मोठा माल चालू होता, यंत्राची पाळी यायला संध्याकाळ झाली असती, आणि मला किन्हवलीवरून जाणारी चारची गाडी गाठायची होती. अक्षयने कागद पुढे केला. मी सही केली. चौतीस वर्षांत जे मोठमोठ्या साहेबांसाठी केलं नव्हतं ते एका एस.टी.साठी केलं.

गुरुवारी त्याचा फोन आला. "काका, दाखल्यावर सिरीयल नंबर राहिला ना. आणि काल कात्रीचा पाइप फुटला, मशीन अजून तसंच पडलंय. शनिवारी कापू. उद्या सुट्टी आहे, पण धाऊकाका गेटवर असतील. जरा जाऊन नंबर टाकून याल?"

"म्हणजे बुधवारी नष्ट झालेल्या यंत्राचा नंबर मी शुक्रवारी बघायचा?"

"पेपरवर झालंय ना, काका. फक्त रियलमध्ये बाकी आहे."

तर असा मी शुक्रवारी गेलो. वसाहतीची सुट्टी शुक्रवारी असते आणि त्या दिवशी वीजही बंद. एरवी त्या रस्त्यावर बोलायचं तर ओरडावं लागतं. शुक्रवारी आपल्याच चपलेचा आवाज पुढे पुढे जातो आणि कुठल्या तरी पत्र्यावर आपटून परत येतो. फाटकावर धाऊ बाकड्यावर बसून तांदळाची भाकरी खात होता. किन्हवलीकडचा माणूस, वय माझ्याएवढंच, पण दात माझ्यापेक्षा जास्त.

"सुट्टीच्या दिवशी कशाला आलात, भाऊसाहेब? घरात करमत नाय?"

"नंबर लिहायचाय."

"लिवा. भाकर खाता?"

मी नको म्हटलं आणि आत गेलो. पावणेबारा झाले होते.

आमच्या आवारात दोन शेड. पहिलीत दाबलेले गठ्ठे, दुसरीत किरकोळ माल. मधल्या मोकळ्या जागेत लेथवर सुटलेल्या लोखंडी सालींचा ढीग. उन्हात तापून त्या साली एकमेकींवरून घसरतात आणि बारीक कुरकुर ऐकू येते, जणू ढिगात कुणी कूस बदलतंय. दुसऱ्या शेडमध्ये उजेड फक्त पत्र्याच्या भोकांतून. कापताना वापरायच्या तेलकट पाण्याचा आंबट वास तिथे कायमचा मुरलेला. एका रिकाम्या पिंपावर ते यंत्र ठेवलेलं होतं. पाटीपेन्सिलीच्या पेटीएवढं, काळं, वर छोटासा पडदा, मधोमध बोट ठेवायची काच.

मी चष्मा पुसत होतो तेव्हा आवाज आला.

"प्लीज ट्राय अगेन."

बाईचा आवाज. मवाळ, शिकलेला, कुणावर न रागावलेला. मी खिशातला मोबाईल काढून बघितला. तो बंद होता. चार्जिंग वाचवायला मी तो बंदच ठेवतो, कारण येणारे फोन तसेही ठरलेल्या वारी येतात. बाहेरून धाऊची हाक आली.

"तुमचा फोन बोलतो काय, भाऊसाहेब?"

"नाही."

"मंग कोन बाई हाय आत?"

मी यंत्र उचललं, उलटं केलं. नंबर मागेच होता. पण मागचं झाकण नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती, तिथे कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. वायर मुळाशी कापलेली. मी नंबर लिहून घेतला. अक्षर चांगलं आलं, सवय आहे. शेवटचा आकडा लिहिताना ते माझ्या तळहातावर बोललं.

"प्लीज ट्राय अगेन."

ते गरम होतं. उन्हाने तापलेली वस्तू बाहेरून गरम असते. हे एकाच जागी गरम होतं, काचेवर, बोटाएवढं.

मी ते परत पिंपावर ठेवलं आणि, का कोण जाणे, स्वतःचं बोट काचेवर टेकवलं. काहीच झालं नाही. ना हो, ना नाही. दोनदा, तीनदा टेकवलं. मी तिथे नव्हतोच असं त्या यंत्राचं मत दिसलं.

मला गेल्या नोव्हेंबरची आठवण झाली. पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि आता तेही अंगठ्याने. बँकेत माझा अंगठा नऊ वेळा लागला नाही. मागे रांग चुळबुळत होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, जाऊ दे, मॅन्युअल करते." तेव्हापासून मी मॅन्युअल जिवंत आहे.

फाटकाकडून पावलं आली. धाऊ आणि त्याच्यामागे एक बाई. तिशी उलटलेली, सुकलेली, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, केस चापूनचोपून तेल लावून बांधलेले.

"ही भिमी," धाऊ म्हणाला. "डोळखांबच्या वरल्या पाड्यातली. दर शुक्रवारी येतं. बाकीच्या दिशी अक्षयशेट हाकलतो ना. इतका डाव सांगितला, गो, हितं काय नाय. आयकत नाय." एवढं बोलून तो भाकरीकडे परत गेला.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. "बाबा, तुमी सायब हाव?"

"होतो. काय काम आहे?"

"भट्टी कुठं हाय?"

मी सांगितलं, की भट्टी कापली, ढेप मंगळवारी गेली. सांगताना मी 'रवाना केली' हा शब्द वापरला. तिने पिंपाला हात लावला आणि हळूच खाली बसली.

"माजा घरवाला त्या भट्टीवर व्हता. बुधू. त्या दिशी कामावर गेला तो घरला आलाच नाय. तिघांचं आलं पेपरात. याचं नाय आलं."

"का?"

"त्याची हाजरी नाय लागली. कंत्राटदार म्हनतो, आलाच नव्हता त्या दिशी, कुठं गुजरातला बिजरातला पळाला असंल. मी त्याला सहाच्या गाडीत बसवला, बाबा, माज्या हातानं डबा दिला." तिने पदराच्या गाठीतून पितळेचा एक बिल्ला काढला. त्यावर ७१ हा आकडा ठोकलेला होता. "यो घरी इसरला व्हता. कंपनी म्हनते, बिल्ला घरी हाय म्हंजे मानूस बी घरीच."

मी कारकून आहे. मला यात चूक सापडेना.

"पैशाचं नाय म्हनत मी," ती म्हणाली. "पन ग्रामपंचायतीत गेला तर म्हनतात मेल्याचा कागुद आन. पोलिसात गेला तर म्हनतात मेला कशावरून. सासू म्हनते कुंकू पूस, माजी आय म्हनते पुसू नको. भगत बी म्हनतो, त्याला सांगावा लागंल तू गेलास का हायस, तवा तो वाटंला लागंल. मेला म्हना नायतर जिता म्हना, बाबा. कायतरी एक लिवा."

"आणि हजेरी का लागली नव्हती?"

"बोट लागत नसं त्याचं. खडीचं काम केलेला हात. बोटावर रेघा उरल्याच नाय. रोज धा डाव दाबायचा. मागले लोक शिव्या द्यायचे. मंग डोक्यावर बोट घासायचा. तेल लागला का घेतं ते मशीन. त्या दिशी तेल संपला व्हता घरात. सुकाच गेला."

"प्लीज ट्राय अगेन," यंत्र म्हणालं.

मला वाटलं ती किंचाळेल. ती उठून उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली. थोड्या वेळाने परत तोच आवाज. मग परत. मग बराच वेळ काही नाही.

"तीन डाव दाबून थांबतो," ती हळू म्हणाली. "त्योच हाय... कवापास्नं करतो असा?"

नवरा उशिरा आल्यावर शेजारणीला विचारावं तसं तिने मला विचारलं. मी घड्याळ बघून खरं ते सांगितलं. "मी आल्यापासून. अर्धा तास."

"चौदा म्हयने," ती म्हणाली.

तिने दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवले, भांगापासून मागे, अंबाड्यापर्यंत. मग ओलसर बोटांनी ती काच पुसली. नीट, कोपऱ्यांपर्यंत, मुलाचं तोंड पुसावं तशी. आणि बाजूला झाली. मीही मागे सरलो. शेडमध्ये खोबरेल तेलाचा वास पसरला. आधी थंड, मग तापलेला.

काचेवरची तेलाची साय मधोमध दबली. एका बोटाएवढी. तिच्यावर रेघा नव्हत्या.

"थँक यू."

पडद्यावर हिरवा उजेड आला. ज्या यंत्रात बॅटरी नव्हती, वायर नव्हती, त्याच्या पडद्यावर मी स्वतः वाचलं : ००७१. खाली वेळ, सहा बावन्न. माझ्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काय लिवलाय?" तिला वाचता येत नव्हतं.

"एकाहत्तर. सकाळचे सहा बावन्न."

"सातची पाळी," ती म्हणाली. "येळेवर गेला व्हता." तिने बिल्ला परत गाठीत बांधला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जड हंडा कुणीतरी खाली उतरवून घेतल्यावर बाई जशी मान फिरवते, तशी तिने मान फिरवली.

मी वही उघडून आकडा लिहून घेतला. आता अर्ज लिहायचा, पंचनामा मागायचा, यंत्र जोडपत्र म्हणून द्यायचं, हे माझ्या डोक्यात भराभर जमू लागलं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. चार वर्षांत प्रथमच कुणाचा तरी कागद माझ्या हातून पुढे सरकणार होता.

"प्लीज ट्राय अगेन."

भिमी काचेकडे वळली. लगेच पुन्हा. पुन्हा. पुन्हा. मध्ये श्वासही न घेता.

"यो त्याचा नाय," भिमी म्हणाली.

"कशावरून?"

"यो घाई करतो."

त्या अपघातात तीन गेले, चौथा बुधू. तिघांची हजेरी रीतसर लागलेली होती. मग हा कोण? मी हा प्रश्न मनात विचारला आणि माझ्या लक्षात आलं, की मी नकळत आणखी दोन पावलं बाजूला सरकलो आहे, पिंपासमोरची जागा मोकळी ठेवून. भिमीही सरकली होती. चौतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला रांग कळते. ती दिसावी लागत नाही. बाहेर उन्हात लोखंडी सालींचा ढीग कुरकुरत होता, आणि ती कुरकुर शेडच्या दारापर्यंत येऊन थांबली.

भिमीने पुन्हा डोक्यावर हात फिरवला, काच पुसली.

"थँक यू."

आणि लगेच, दुसऱ्याच चालीत, दबकत, "प्लीज ट्राय अगेन."

तिने पुन्हा पुसली. पुन्हा. प्रत्येक वेळी पडद्यावर आकडा यायचा. मी पहिले दोन लिहिले, मग माझं पेन चालेना. वेळा वेगवेगळ्या होत्या. सहा पन्नास. दोन पंचावन्न. एक रात्रपाळीची. आकडेही एका लांबीचे नव्हते. एका कारखान्याचे आकडे असे नसतात. जिथे जिथे कुणाचं बोट लागलं नव्हतं तिथलं सगळं इथे आलं होतं.

शेवटी तिने केस सोडले, मुळांपर्यंत बोटं नेली आणि तळवे बघितले. कोरडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या डोक्याला हाय का तेल?"

बायको असेपर्यंत रविवारी असायचं. मी नाही म्हटलं. धाऊकडून आणतो म्हटलं आणि निघालो. तेल आणायलाच निघालो होतो. फाटकाशी पोचल्यावर मी बाकड्यावर बसलो आणि मला उठता येईना. धाऊने पाणी दिलं. मी किती वेळ बसलो ते त्यालाच ठाऊक. भिमी बाहेर आली तेव्हा केस पुन्हा बांधलेले होते.

"झालं?" मी विचारलं.

"मला दोनची गाडी हाय, बाबा," ती म्हणाली. "ते थांबलेत."

ती गेल्यावर मी आत गेलो. शेड शांत होती. मी ती मोकळी जागा ओलांडून सरळ पिंपाकडे गेलो नाही, भिंतीच्या कडेने गेलो. यंत्र खांद्याच्या पिशवीत घातलं. फाटकावर पिशव्या तपासायचं काम धाऊचं.

"पिशवीत काय हाय?"

"जे बुधवारीच नष्ट झालंय ते."

"मंग लिवायची गरज नाय," धाऊ म्हणाला आणि फाटक उघडलं.

शनिवार-रविवार ते माझ्या घरी होतं. बायकोच्या शिवणयंत्रावर ठेवलं, दुसरी जागा नव्हती. त्या दोन दिवसांबद्दल खुलाशात काही नाही आणि इथेही फार लिहिणार नाही. शनिवारी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा खोबरेल तेलाची बाटलीही आणली, मोठी. रविवारी दुपारपर्यंत ती अर्धी झाली. दार मी उघडंच ठेवलं होतं. चार वर्षांत माझ्या घरी एवढी वर्दळ झाली नव्हती. शेजारच्या सरितावहिनींनी विचारलं, "पाहुणे आलेत का हो?" मी हो म्हटलं. माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं, की नंतर मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सोमवारी भिमीचा अर्ज लिहिला. मयत बुधू घटनेच्या दिवशी कामावर हजर होता असे घोषित करून मिळणेबाबत. सोबत यंत्र, एक नग. जिल्ह्याच्या एका कार्यालयात तो दाखल झाला. अक्षयने मला फोन करून, इतर काही न बोलता, कामावर येऊ नका असं सांगितलं. मग आपलं संदर्भित पत्र आलं. वरच्या प्रश्नाखेरीज त्यात हेही होतं : माझ्याच दाखल्यानुसार हे यंत्र अस्तित्वात नाही, त्यामुळे त्यावरची नोंद ग्राह्य कशी धरावी? तांत्रिक अहवालही आला. यंत्रात स्मृतीचा भाग नाही, तो आधीच काढून घेतलेला आहे. सबब यात कोणतीही नोंद होणे शक्य नाही. दोन्ही कागद निर्दोष आहेत. मी त्या खुर्चीत असतो तर हेच लिहिलं असतं.

दोन तारखा अशाच गेल्या. तिसऱ्या तारखेला सुनावणी झाली. खोलीत साहेब, लिहून घेणारी संजीवनी नावाची तरुण लिपिक, भिमी आणि मी. कंत्राटदार आला नाही. साहेबांनी पाच मिनिटांत कागद चाळले आणि पुढची तारीख दिली. आठ दिवसांनी मी रोजनाम्याची नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं : 'अर्जदार व तिच्यासोबतचे तेवीस इसम हजर. सामनेवाले गैरहजर.'

मी संजीवनीकडे गेलो. म्हटलं, "ताई, आम्ही दोघंच होतो."

तिने नक्कल बघितली, मग माझ्याकडे. "सर, मी उगाच आकडा टाकत नाही," ती म्हणाली. "मागे भिंतीशी उभे होते ते मोजूनच लिहिलेत. बसायला सांगितलं तर कोणी बसलं नाही." अक्षर तिचं चांगलं आहे. खाडाखोड नव्हती.

रोजनाम्यात एकदा हजर लिहिलं, की खोडता येत नाही. त्यामुळे कार्यालयाने आता त्रुटी काढली आहे : अर्जात एकच नाव असून हजर इसम तेवीस आहेत, तरी सर्वांची नावे, वय, राहण्याचे ठिकाण व शेवटचे कामाचे ठिकाण सादर करावे, त्यानंतर अर्जाचा एकत्रित विचार होईल.

भिमी पाड्यापाड्यावर फिरते आहे. डोळखांबपासून कसाऱ्यापर्यंत, कामाला गेलेलं कोण परत आलं नाही ते विचारते. लोक आधी बोलत नाहीत, मग एखादी म्हातारी आतून कागद आणते. ती माझ्याकडे येऊन सांगते, मी लिहून घेतो. आजअखेर एकोणीस नावं मिळाली आहेत.

अर्ज प्रलंबित आहे.